शिवेचा साक्षीदार आणि गावाचा नकाशा

अलीकडे ग्रामविकासाच्या शिबिरांतून 'हितसंबंधी' हा शब्द फार ऐकू येतो. रस्ता असो, पाण्याची टाकी असो की ओढ्यावरचा बंधारा, त्या कामाशी ज्यांचे बरेवाईट निगडित आहे अशा सर्वांची आधी यादी करावी. त्यांपैकी कोणाचे वजन किती, कोणाला काय मिळते व कोणाचे काय जाते हे गटाने बसून ठरवावे. आणि ते सारे नकाशावर मांडावे, अशी ही रीत आहे. कार्यकर्त्यांना, राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना आणि माझ्यासारख्या प्राध्यापकांना ती शिकवली जाते. मीही ती शिकलो, आणि कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत मुलांना घेऊन करूनही पाहिली. तिचा उपयोग आहे, असे माझे मत झाले आहे. पण आपल्या गावगाड्याचा इतिहास बाजूला ठेवून तिच्याकडे केवळ तंत्र म्हणून पाहिले, तर ती आपल्याच लोकांवर उलटते. एवढेच मला येथे थोडे विस्ताराने मांडायचे आहे.

गावात कोणाकोणाचा वाटा आहे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार जमत, साक्षी होत, आणि महजर लिहिला जाई. त्या सभेत महारही असे. इतकेच नव्हे, तर शिवेच्या तंट्यात त्याचीच साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावाची शीव कोणत्या झाडापासून कोणत्या दगडापर्यंत जाते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. त्रिं. ना. आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. त्यात गावाशी बांधलेल्या अलुत्या-बलुत्यांचा तपशील आहे. म्हणजे हितसंबंध्यांची यादी आपल्याकडे शतकानुशतके तयार होती, आणि त्या यादीत आपण होतो. वतनदार म्हणून होतो! मग अन्याय कोठे झाला? यादीत नाव नसल्यामुळे तो झाला नाही. नाव कोणत्या नात्याने लिहिले गेले, त्यात तो होता. गावाला आमचे काय काम, एवढेच त्या यादीत होते. गावाकडे आमचे काय येणे, याची नोंद दाराशी वाढलेल्या भाकरीपलीकडे गेली नाही.

माझा आजा तराळ होता. आमचे मूळ गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ब्रिटिश मुलखात. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, सारा भरायला बोलावणी करायची, दवंडी द्यायची, मेलेले जनावर ओढायचे, ही त्याची तरुणपणची कामे. म्हातारपणी त्याची नजर गेली होती. तरी गावच्या कोणत्या बांधाला कोणाचा बांध लागतो, ओढा पूर्वी कोठून वाहत होता, हे तो बाजेवर बसून सांगे. मोजणीच्या वेळी लोक त्याला विचारायला येत. त्याने सांगितलेले कागदावर जाई, परंतु तो कागद त्याला कधी वाचता आला नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. आज मी मुलांना नकाशा काढायला शिकवतो, तेव्हा हा म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. साऱ्या गावाचा नकाशा ज्याच्या डोक्यात होता, त्याच्या हातात लेखणी नव्हती.

या लेखणीच्या प्रश्नाला कोल्हापूर संस्थानात एकदा सरळ हात घातला गेला. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हा हुकूम आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. पण त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. नव्या नेमणुका कोणत्या वर्गातून झाल्या याचे पत्रक खातेप्रमुखांनी दर तिमाहीला पाठवावे, असेही त्यात सांगितले होते. म्हणजे केवळ सदिच्छा व्यक्त करून महाराज थांबले नाहीत. कोणाचा वाटा किती झाला हे मोजून दाखवण्याची सक्ती त्यांनी केली. पुढे १९१८ साली दोन गोष्टी घडल्या. कुलकर्णी वतन रद्द होऊन पगारी तलाठी आले, आणि अस्पृश्य समाजातील उमेदवारांनाही तलाठी म्हणून नेमले गेले. त्याच वर्षी महार वतन बंद करून त्या जमिनी रयताव्याने कसणाऱ्यांच्या नावे करण्याचे धोरण आले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. एकीने जमिनीचा तुकडा गावकीच्या वेठीतून सोडवला, दुसरीने गावाचे दप्तर आपल्या माणसाच्या हाती देता येते हे दाखवले. नुसती पहिली झाली असती, तर सोडवलेला तुकडा पुन्हा जुन्याच लेखणीच्या मर्जीवर राहिला असता.

शिवेपलीकडे, ब्रिटिश मुलखात, माझ्या आजाला मात्र वाट पाहावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला. १९१८ आणि १९५८! मध्ये चाळीस वर्षे गेली, म्हणजे एका माणसाची सारी उमेद गेली.

याच काळातील आणखी दोन प्रसंग आपल्या विषयाला लागू आहेत. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे हित अस्पृश्यच मांडू शकतील, दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलून भागणार नाही, ही भूमिका घेतली. आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे सांगितले. एका राजाने, मी तुमच्या वतीने बोलतो असे न म्हणता, तुमचा माणूस बोलेल असे म्हणावे, ही गोष्ट साधी नाही. मोजणी, लेखणी आणि स्वतःचा आवाज या तीन गोष्टी या इतिहासातून निघतात. आजच्या गटचर्चेला आणि नकाशाला मी याच तीन कसोट्या लावतो.

आता त्या तंत्राकडे येऊ. गावकऱ्यांनी स्वतः जमिनीवर नकाशे काढून आपली स्थिती मांडावी, ही पद्धत आपल्या देशात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक-गुजरातेतील स्वयंसेवी संस्थांच्या कामातून पुढे आली. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाचे नाव तिच्याशी जोडले जाते. १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने साहेबलोकांच्या पाहणीवर चांगले बोट ठेवले होते. पाहुणे डांबरी रस्त्याच्या कडेचे गाव पाहतात, पावसाळा टाळून येतात, वजनदार माणसांशी बोलतात आणि परत जातात, असे त्याचे म्हणणे. शेवटच्या माणसाला पहिला मान द्या, हा त्याचा आग्रह होता. त्यामागची तळमळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही.

या पद्धतीत एक प्रकार आहे. कागदाची लहानमोठी वर्तुळे कापायची. ज्याचे वजन जास्त त्याचे वर्तुळ मोठे, ज्याचा संबंध जवळचा त्याचे वर्तुळ मध्यभागी. आपल्याकडचे कार्यकर्ते याला चपात्यांचा नकाशा म्हणतात. आमच्या मुलांनी त्याच्या भाकऱ्या केल्या. मोठी भाकरी कोणाची आणि कोरभर कोणाची, असे विचारले की सर्वांना लगेच समजते. सारे हसले, मीही हसलो. पण येसकराच्या पाळीला दारोदार मागून आणलेल्या भाकरीवर ज्यांची घरे जगली, त्यांना हा खेळ अगदीच खेळ वाटत नाही.

दुसऱ्या एका प्रकारात चार घरांचा चौकोन असतो. एका बाजूला माणसाचे वजन, दुसऱ्या बाजूला त्याची गरज. ज्यांचे वजन मोठे आणि गरजही मोठी, त्यांना बरोबर घेऊन चालायचे. ज्यांची गरज मोठी पण वजन थोडे, त्यांच्या घरात सल्ला असतो : यांना माहिती देत राहा. आपला समाज बहुधा याच घरात पडतो. मला पुन्हा आजा आठवला. निर्णय चावडीत होत आणि त्याची दवंडी तो देई. गावात सर्वांच्या आधी माहिती त्यालाच असे. त्या माहितीने त्याचे काय झाले? वजन कमी का आहे, हे विचारण्याला त्या चौकोनात जागाच नाही. ते जणू पावसापाण्यासारखे आपोआप आलेले असते.

तीन वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या एका गावात आमचे शिबिर होते. पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला. मंडळी उत्साहाने जमली. सोसायटी, दूधसंस्था, शाळा, तालीम, पाणीपुरवठ्याची विहीर, उसाचे मळे, सारे झाले. पूर्वेच्या अंगाला एक लहान वर्तुळ काढून त्यावर वस्तीचे नाव लिहिले. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्याप्रमाणे नाव नवे होते, जागा जुनीच होती. वस्तीतील चारदोन पुरुष आले होते. ते कडेला उभे राहिले. काही राहिले का, असे विचारल्यावर 'सगळं आलंय की' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोच खेळ वस्तीतील विहारापुढे मांडला. गावातील कोणाला बोलावले नाही. पहिला तासभर कोणी रांगोळीला हात लावीना. मग एक म्हातारी बसली आणि तिने आधी काढली ती स्मशानाची वाट. आदल्या दिवशीच्या नकाशात ती नव्हती. ही वाट दोघांच्या उसातून जाते. पावसाळ्यात आणि ऊस उभा असताना मढे बांधावरून न्यावे लागते. 'जित्यापणी कसं बी जाऊ, पर मेल्यावर तरी नीट न्या,' असे ती म्हणाली. मग इतर बाया बोलू लागल्या. नळाला पाणी किती वाजता येते आणि तेव्हा त्या कोणाच्या भांगलणीला गेलेल्या असतात; गटाच्या कर्जाचा हप्ता कोणत्या वारी असतो; पूर आला की पाणी आधी कोणाच्या चुलीत शिरते. गायरानाचा तुकडाही आला. पहिल्या नकाशात ते 'गावाचे गायरान' होते, येथे ते तीन घरांचे पोट होते. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी ज्या भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे. सरकारी कागदात त्यांना अतिक्रमणवाले म्हणतात.

एवढ्यावर हा लेख संपवला असता, तर आपल्याला बरे वाटले असते. पण संध्याकाळी मातंग समाजातील माझ्या एका विद्यार्थिनीने नकाशाकडे बोट दाखवून विचारले, 'सर, ओढ्याच्या कडेची मांगांची घरं कुठायत?' ती घरे नव्हती. आम्ही बौद्धांनी काढलेल्या नकाशात ती राहून गेली होती, आणि मी तेथे दिवसभर उभा असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. तिसऱ्या दिवशी तेथे जाऊन बसलो. ज्याला इतरांनी वगळले तो स्वतः कोणाला वगळणार नाही, असे मानण्याला कसलाही आधार नाही. चळवळीत आपण हे फार वेळा मानून चालतो.

तीनही नकाशे कागदावर उतरवून मुलांनी ते ग्रामसभेत लावले. खडाजंगी झाली. तुम्ही कॉलेजवाले गावात फूट पाडता, असे एकजण म्हणाला. मी एवढेच सांगितले की फूट कागदामुळे पडलेली नाही. ती होती, आता दिसली. स्मशानाच्या वाटेचा ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला. वाट अजून झालेली नाही. पण ती आता दप्तरात आहे, आणि वस्तीतील दोन मुली त्या ठरावाची नक्कल घेऊन पाठपुरावा करत आहेत. मी याला यश म्हणत नाही, सुरुवात म्हणतो.

काही मित्र म्हणतात, हे नकाशे-बिकाशे सरकारी आणि परदेशी खूळ आहे, आपण मोर्चा काढावा. मोर्चा काढावाच. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याचीही तरतूद आहे. गावाचा आराखडा तेथे मंजूर होतो. तेथे आपला कागद नसेल, तर दुसऱ्याचा कागद मंजूर होईल. १९४८ साली घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दलच्या भाबड्या कल्पनांवर प्रहार केला होता. 'सारे गाव एक' म्हणून काढलेला एकच नकाशा ही तशीच भाबडी कल्पना आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे. नकाशा पहिल्यांदा वस्तीत काढा, देवळापुढे नंतर. वस्तीतही एकदा बायांचा वेगळा, आणि सर्वांत लहान समाजाचा वेगळा काढा. रांगोळी आणि लेखणी त्यांच्याच हाती द्या, आपण गप्प बसा. कोणाचे वजन कमी हे लिहिले, तर ते कोणी आणि केव्हा कमी केले हेही शेजारी लिहा. आणि मूळ कागद वस्तीत ठेवा, आपण नक्कल न्या. ही पाचवी गोष्ट मी स्वतः पहिल्या शिबिरात केली नव्हती. तो नकाशा महाविद्यालयाच्या कपाटात गेला, आणि पुढच्या वर्षी त्या वस्तीतील एका माणसाने तो मागितला तेव्हा मला तो सापडला नाही.