रस कडू का झाला?

नागपुरी संत्रे दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणून आपल्या बागेत लावले, असे सांगतात. नागपुरात भोसल्यांचा वाडा असलेल्या महाल भागातल्या महाविद्यालयात आज जीवशास्त्राच्या वर्गाला विचारा, ‘संत्र्याची कंपनी काढायची, काय विकाल?’ पहिले उत्तर बहुधा एकच येईल : बाटलीबंद रस.

काढू द्या कंपनी. नाव ठरवा, कागदावरचे भांडवल वाटून घ्या. मग बुधवार बाजारातून डझनभर संत्री आणा, मिक्सरमधून रस काढा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चाखताना संचालक मंडळाची तोंडे वाकडी होतील. काल गोड लागलेला रस कडू झालेला असतो.

या विषयात मला गोडी वाटते ती इथपासून. फळाच्या पेशींत लिमोनिनचे पूर्वरूप असते, त्याला कडवटपणा नसतो. रस काढताना पेशी फुटतात, त्याची आम्लाशी गाठ पडते आणि काही तासांत कडू लिमोनिन तयार होते. बियांत तर लिमोनिन भरपूर, आणि आपल्या संत्र्याला बियांची वानवा नाही. दुय्यम चयापचयाचा धडा या मुलांनी परीक्षेपुरता वाचलेला असतोच. आता त्यात त्यांचे पैसे अडकलेले असतात, खोटे का होईना. बी न ठेचता रस कसा काढायचा? कडवटपणा रेझिनने शोषून घ्यायचा की एन्झाइमने तोडायचा? तो खर्च बाटलीमागे किती बसेल? शेवटच्या प्रश्नासाठी पहिले दोन नीट समजावेच लागतात.

म्हणून काल्पनिक कंपनीतून जीवशास्त्र शिकवण्याच्या या पद्धतीला ‘उद्योजकतेचे शिक्षण’ म्हणणे मला पटत नाही. पंधरा स्लाइड, एक घोषवाक्य आणि तीन वर्षांत दसपट नफा, एवढ्यावर बक्षिसे वाटणाऱ्या स्पर्धा पुष्कळ झाल्या. तिथे जीवशास्त्र तोंडी लावण्यापुरतेच असते. इथे कंपनी हे निमित्त. ती बुडाली तरी चालेल, का बुडाली ते सांगता आले पाहिजे.

रस नको असेल तर हळद घ्या. नागपुरात किराणा दुकान चालवलेल्या केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये विको सुरू केली. त्यांची हळदीची क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा उत्पादन शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल आयुर्वेदिक औषधाच्या बाजूने लागला. त्याआधी, १९९५ मध्ये, हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. भारताच्या सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. वर्गातल्या काल्पनिक कंपनीला हे दोन्ही प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारावेत : तुमचा माल कायद्याने कशात मोडतो, आणि त्यात नवे काय? उत्तरासाठी कोणता प्रयोग करावा लागेल, हेही त्यांनीच ठरवावे. गुण द्यायचे ते त्या प्रयोगाच्या आखणीला.

प्राध्यापक मित्रांना एक विनंती. हे सत्र परीक्षेनंतरच्या रिकाम्या तासांत ढकलू नका. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून बाजारात असतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. उन्हाळ्यात ठेल्यावर नागपुरी संत्रे मिळत नाही.