ठाणे जिल्ह्यातील मानसिक आरोग्यसेवा आणि तरुणांचा वाटा

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. भाईंदर-उत्तन रस्त्यावरचे मुर्धा, शेजारचे राई आणि मोर्वा ही भातशेती व मिठागरांची गावे याच जिल्ह्यातली. तिथल्या रुग्णालाही लागू असलेल्या १९१२च्या मनोरुग्णविषयक कायद्यानुसार नातेवाइकांचा अर्ज आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम ही रुग्ण दाखल करण्याची मुख्य वाट होती. खुद्द रुग्णाचेच म्हणणे जिथे फारसे विचारात घेतले जात नव्हते, तिथे विशीतल्या रुग्णाला वेगळे काही हवे असेल, हा प्रश्नच उद्भवला नाही.

पहिला बदल मुंबईत झाला. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते मिळून मुलाशी, पालकांशी व शिक्षकांशी बोलत. मुलाचे ऐकले जाऊ लागले, ही मोठीच गोष्ट. केंद्राचे काम कसे चालावे, हे मात्र मोठ्यांनीच ठरवले.

डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि मनाचे आरोग्य रुग्णालयाच्या भिंतीबाहेर आले. पुढच्याच वर्षीपासून भरणाऱ्या ‘वेध’ या परिषदेत करिअर आणि मनाची जडणघडण हे विषय एकाच व्यासपीठावर आले. स्वयंसेवकांच्या बळावर ती महाराष्ट्रातल्या इतर शहरांतही पोचली. तरुण इथे श्रोते होते आणि कार्यकर्तेही.

जानेवारी २०१४मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणला. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीच्या या कार्यक्रमात मानसिक आरोग्याचा समावेश झाला आणि ‘साथिया’ म्हणून गावपातळीवर त्याच वयाचे मित्र-शिक्षक तयार करण्याची योजना आली. किशोरांना कामात घेणारी ही मोठी सरकारी रचना, पण कार्यक्रमाचा आराखडा दिल्लीत ठरलेला. शिवाय २००२पासून महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले मुर्धासारखे गाव अशा गावपातळीच्या मांडणीत सहज बसत नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अधिक महत्त्वाचे पाऊल टाकले. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात मानसिक आजार अनुभवलेल्या दोन व्यक्ती आणि काळजीवाहूंचे दोन प्रतिनिधी असावेत, असे त्यात आहे. वयानुसार जागा मात्र नाही. याउलट, ऑस्ट्रेलियात २००६ साली स्थापन झालेल्या ‘हेडस्पेस’च्या केंद्रांनी स्थानिक तरुणांचे सल्लागार गट सेवेचाच भाग मानले होते.

त्या वाटेने जाणारे इथले उदाहरण म्हणजे ‘आउटलिव्ह’. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र, ‘संगत’ आणि ‘क्विकसँड’ यांनी या दशकाच्या सुरुवातीला मुंबई, पुणे व दिल्लीतल्या १८ ते २४ वयोगटासाठी आत्महत्या-प्रतिबंधाचा हा कार्यक्रम उभारला. सेवेची घडण ठरवताना तरुणांना सोबत घेतले गेले. चॅटवर धीर देणारेही प्रशिक्षित तरुणच.

ऑक्टोबर २०२२मध्ये ‘टेलिमानस’ सुरू झाल्यापासून १४४१६ या क्रमांकावर मुर्धा गावातूनही समुपदेशकाशी बोलता येते. १८ वर्षांखालील मुलांची स्थिती अजून अवघड आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता, तरीही उपचारांबद्दलची आगाऊ इच्छा २०१७च्या कायद्याने नोंदवायची ती त्यांच्या पालकांनी.