माशाच्या रक्तातील साक्ष

नदीच्या पाण्यात विष आहे की नाही, हे ठरविण्याची जुनी रीत मोठी सोपी होती. टाकीत मासे सोडावयाचे, पाण्यात संशयित द्रव्य मिसळावयाचे, आणि कोणत्या प्रमाणाला ९६ तासांत निम्मे मासे मरतात, ते मोजावयाचे. या रीतीने पुष्कळ विषे उघडकीस आली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो मासा मेला नाही त्याचे काही बिघडले नाही, असे मानण्याची सवयही तिनेच लावली. ती सवय कशी मोडली, हे आम्हांस येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

आरंभ इंग्लंडात झाला. १९७०-८० या दशकाच्या अखेरीस तेथील सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांजवळ गळ टाकून बसणाऱ्यांना रोच जातीचे काही विचित्र मासे आढळले. एकाच देहात नराची व मादीची, अशी दोन्ही लक्षणे! मासे जिवंत होते, पोहत होते. जुन्या कसोटीला ते पुरेपूर उतरले असते. मग दोष शोधावा कोठे?

तो रक्तात सापडला. अंड्यातील बलक ज्यापासून बनतो, ते व्हिटेलोजेनिन नावाचे प्रथिन मादीच्या यकृतात इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या आज्ञेने तयार होते आणि रक्तावाटे अंडाशयात पोचते. ते घडविण्याची क्षमता नराच्या यकृतातही असते. आज्ञा येत नाही, म्हणून ती निद्रिस्त राहते. तेव्हा नराच्या रक्तात हे प्रथिन विपुल दिसले, तर आज्ञा बाहेरून आली असे समजावे. पर्डम, सम्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ठेविले. एक ते तीन आठवड्यांत त्यांच्या रक्तातील व्हिटेलोजेनिन ५०० पटींपासून १ लाख पटींपर्यंत वाढले! हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९८ पर्यंत त्या पाण्यातील द्रव्ये वेगवेगळी करून पाहण्यात आली. मुख्य अपराधी निघाली ती मानवी मूत्रावाटे येणारी नैसर्गिक इस्ट्रोजेने, आणि त्यांच्या जोडीला संततिनियमनाच्या गोळीतील एथिनिलएस्ट्रॅडिऑल.

पण रक्तात एक प्रथिन वाढले, म्हणून वंश बुडतो काय? आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मिळाले. २००१ ते २००३ या तीन वर्षांत तेथील एका प्रायोगिक सरोवरात गोळीतील हेच द्रव्य लिटरला अवघे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट, इतके मिसळण्यात आले. फॅटहेड मिनो या लहानशा माशाच्या नरांत व्हिटेलोजेनिन चढले, प्रजोत्पादन खुंटले, आणि सरोवरातील त्यांचा वंश जवळजवळ संपला. द्रव्य मिसळणे थांबविल्यावर काही वर्षांनी तो पुन्हा सावरला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आज एका प्रथिनावर न थांबता शेकडो प्रथिने एकदम तपासता येतात. परंतु या इतिहासाचा बोध यंत्रांपुरता नाही. कारखान्याच्या नळाकडे बोट दाखविणे सोपे असते. येथे मात्र दोषी द्रव्य घराघरांतून, माणसांच्याच देहांतून नदीस मिळाले होते. मेलेले मासे मोजून हे कधीच कळले नसते. त्यासाठी जिवंत माशाचीच साक्ष काढावी लागली.