भाकरीचा मान

मराठी माणूस उपजीविकेला भाकरी म्हणतो, पोळी म्हणत नाही. पोटाच्या भाकरीसाठी तो गाव सोडतो, भाकरीचा प्रश्न सोडवतो, आणि राजकारणातही करपण्याआधी जी फिरवायची ती भाकरीच असते. भाषेत एवढे मानाचे स्थान मिळालेला हा पदार्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र असंख्य घरांच्या ताटांतून उठून गेला, आणि आज तो मोठ्या कौतुकाने परत बोलावला जात आहे. या जाण्यायेण्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

परंपरा म्हणजे अनादी काळापासून चालत आलेली गोष्ट, असा एक गोड समज असतो. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही धान्ये मूळची आफ्रिकेतील. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नांदणाऱ्या शेतकऱ्यांचे मुख्य धान्य जव होते. भाकरीबरोबर येणारी मिरची आणि शेंगदाणा हे तर अमेरिका खंडातले पाहुणे. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्यापूर्वी मराठी मुलखाने ठेचा चाखलेला नव्हता. तेव्हा अन्नाची परंपरा ही वयाने नव्हे, तर मातीशी जुळलेल्या नात्याने ठरते.

हे नाते सोलापूर, बीड, अहिल्यानगर या भागांतील काळ्या जमिनीत नीट दिसते. पावसाळा सरता सरता पेरलेली रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दहिवरावर वाढते. तिच्या दाण्यावर माणूस जगतो, कडब्यावर बैल जगतो. दाणे दुधाळ असताना कणसे काढून गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि गूळ किंवा लसणीच्या चटणीबरोबर हुरडा खायचा, हा पौष-माघातला शेतावरचा सोहळा. सुरती, गूळभेंडी ही खास हुरड्याच्या वाणांची नावे उच्चारली, तरी इंदूर-बडोद्याला स्थायिक झालेल्या एखाद्या वृद्धाला आपले आजोळ आठवावे.

या व्यवस्थेला धक्के अनेक बाजूंनी बसले. १९५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारानंतर परदेशी गहू शिधावाटपाच्या दुकानांतून घरोघर पोहोचू लागला. १९६४ मध्ये ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. त्याने उत्पादन वाढवले, हे मान्य केलेच पाहिजे. भुकेच्या त्या वर्षांत ते छोटे काम नव्हते. परंतु खरिपात पावसात सापडलेला त्याचा दाणा काळा पडे, ताट बुटके असल्याने कडबा कमी मिळे, आणि भाकरीला जुनी चव नसे. ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत निकसपणाची शिवी होऊन बसला, तो तेव्हापासून.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या वाट्याला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लालसर मिलो आली. मिलो ही वस्तुतः ज्वारीचीच जात, म्हणजे जुनी सोयरीकच. पण तिची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांना तिची आठवण पन्नास वर्षांनंतरही नकोशी वाटते. त्यानंतर पाण्यामागून ऊस आला, विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, आणि घरात गॅसची शेगडी आली. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना फाटते. तिला ताजे पीठ, कोमट पाणी आणि सरावलेला हात हवा. पोळीचे पीठ एवढे अटी घालत नाही.

टिकले ते पंचांगाच्या आश्रयाने. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि राळ्याचा भात करण्याची चाल होती, म्हणून राळ्याचे नाव तरी उरले. वरी उपासाने वाचवली. हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील या रोजच्या पदार्थांना असा कुणी वाली नव्हता. ते निमूटपणे गेले.

आणि ते सर्वांनाच हवे होते असेही नाही. बालपणीच्या चवीविषयी हळवे होऊन बोलणाऱ्यांच्या स्मृतीत पहाटेचे जाते ओव्यांसह ऐकू येते. जाते ओढणाऱ्या बाईचे दुखरे खांदे त्या स्मृतीत नसतात. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा तिला हळहळ वाटल्याचे कुणी सांगत नाही. ज्यांच्या घरी गव्हाची पोळी सणालाच दिसे, त्यांच्या दृष्टीने रोजची पोळी ही प्रतिष्ठेची खूण होती. १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून १९७० च्या ‘रुचिरा’पर्यंत मराठी पाकग्रंथांची परंपरा मोठी, पण मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवरचे अन्न शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने तपशिलाने मांडले, ते २०१५ मध्ये. टाकलेल्या, शिळ्या, उरलेल्या अन्नातून उभा राहिलेला तो स्वयंपाक वाचला, की ‘पारंपरिक पदार्थ’ हा शब्द सैलपणे वापरण्याचे धाडस होत नाही.

शासकीय भाषेत ही धान्ये दीर्घकाळ ‘भरड’ होती. २०१८ मध्ये ती ‘पौष्टिक तृणधान्ये’ झाली, आणि २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले. बारशांची ही घाई समजण्यासारखी आहे. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदळाला किलोमागे तीन रुपये, गव्हाला दोन आणि भरड धान्याला एक रुपया असा दर लिहिलेला असताना, दुकानात हाती पडत राहिले ते मुख्यतः गहू-तांदूळ. आता शहरातल्या बाजारात चांगली ज्वारी गव्हाहून महाग विकली जाते. ज्या मजुराच्या आजोबांनी परिस्थितीमुळे भाकरी खाल्ली, तो परिस्थितीमुळेच चपाती खातो, आणि भाकरी हॉटेलातल्या ताटात मानाने वाढली जाते.

पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात बादशहाची धान्यकोठारे लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची. तिथल्या आणि सोलापूर परिसरातल्या बायका आज बचत गटांतून कडक भाकरी करतात. पातळ थापून, पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली ही भाकरी पूर्वी प्रवासाची शिदोरी होती, कारण ती दिवसेंदिवस टिकते. शेंगाच्या चटणीबरोबर बांधलेले तिचे गठ्ठे आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत जातात, आणि ती थापणाऱ्या बाईला तिच्या हातच्या भाकरीचे पैसे मोजून मिळतात.