खेळ आणि खेळगडी

ज्या करमणुकीचा आपणांस स्वतःस नाद नाहीं, तिच्याविषयीं मत देण्यास माणसास फार वेळ लागत नाहीं. नाटकाचा शौक नसलेल्या आजोबांचें नाटकांविषयीं आणि कादंबऱ्या न वाचणाऱ्या वडिलांचें कादंबऱ्यांविषयीं जें मत असे, तेंच आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून व्हिडिओ गेम, सुपरहिरोंच्या मालिका आणि इंटरनेटवरील स्नेहमंडळें यांविषयीं ऐकूं येतें. मुलगा दाराआड पडद्यासमोर बसून हंसतो, कोणाशीं तरी बोलतो, जेवावयास हांक मारली तर ‘पांच मिनिटें’ म्हणतो. आणि बाहेर बसलेलीं वडील माणसें पिढी बिघडली असा निकाल देऊन मोकळीं होतात. हा निकाल सर्वस्वीं खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आपण चौकशी करतों ती कशाची, हें पाहणें जरूर आहे. पडद्यावर काय दिसतें तें आपण पाहतों. मुलगा बोलतो तो कोणाशीं, हें आपण विचारीत नाहीं. या करमणुकींचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला, तर हीच चूक पुनःपुन्हां झालेली आढळते.

या इतिहासाचा आरंभ छपाईंतील एका लहानशा गोष्टींत सांपडतो. लक्झेंबर्गांत जन्मलेल्या व १९०४ सालीं अमेरिकेंत गेलेल्या ह्यूगो गर्न्सबॅक यानें एप्रिल १९२६ मध्यें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें मासिक काढलें. प्रतिष्ठित वाङ्मयांत अशा कथांना तेव्हां स्थान नव्हतें. मासिकाचा कागद हलका आणि मुखपृष्ठ भडक. पण गर्न्सबॅकनें वाचकांच्या पत्रांचें एक सदर चालविलें, व पत्रलेखकांच्या नांवांबरोबर त्यांचे पत्तेहि छापले. आपल्या गांवांत या वेडाचे आपण एकटेच धनी, असें समजणाऱ्या मुलांस दुसऱ्या गांवचा समानधर्मी सांपडला. संपादकास लिहितां लिहितां तीं परस्परांस लिहूं लागलीं, मंडळें निघालीं, घरच्या घरीं छापलेलीं चिमुकलीं नियतकालिकें टपालानें फिरूं लागलीं. आज इंटरनेटवर ज्या वस्तीला लोक ‘कम्युनिटी’ म्हणतात, तिची ही आद्य वसाहत होय. तिला वीज लागत नव्हती. पोस्टाचें तिकीट तेवढें लागत होतें.

ओहायो प्रांतांतील क्लीव्हलँड येथें ग्लेनव्हिल हायस्कुलांत शिकणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघे याच मंडळीपैकीं. दोघेहि परदेशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. १९३२ सालीं त्यांनीं असलेंच एक नियतकालिक काढलें, आणि जानेवारी १९३३ च्या त्याच्या अंकांत ‘सुपरमॅन’ हें नांव प्रथम अवतरलें. मात्र त्या कथेंतील सुपरमॅन हा खलपुरुष होता. पुढें या मित्रांनीं त्याला सज्जनांचा कैवारी बनविलें, आणि कित्येक वर्षें प्रकाशकांकडून नकार घेतले. अखेर १९३८ सालीं ती चित्रकथा सर्व हक्कांसह १३० डॉलरांस विकली गेली, व ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत छापून आली. आज चित्रपटगृहें व्यापून बसलेल्या सुपरहिरोंच्या कुळाचा हा मूळ पुरुष. आपल्या दूरदर्शनवर १९९७ सालीं आलेला ‘शक्तिमान’ हाहि त्याच कुळांतला. वडिलांस पोरकट वाटणाऱ्या पत्रव्यवहाराच्या शाळेंत तयार झालेल्या दोन मुलांनीं हा वीर जगास दिला, हें विसरतां येत नाहीं.

सुमारें दहा वर्षांनीं वडिलांनीं त्यावर निकाल दिला. १९४८ सालीं अमेरिकेंत कांहीं गांवीं मुलांकडून चित्रकथा गोळा करून त्यांच्या होळ्या करण्यांत आल्या. जर्मनींत पुस्तकें जळालीं त्याला तेव्हां पुरतीं सोळा वर्षेंहि झालीं नव्हतीं. १९५४ सालीं डॉ. फ्रेडरिक वर्थाम या मनोविकारतज्ज्ञाचें ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हें पुस्तक निघालें, आणि त्याच वर्षीं सीनेटच्या एका उपसमितीनें न्यू यॉर्क येथें चित्रकथांची चौकशी केली. वर्थाम हा दुष्ट मनुष्य नव्हे. हार्लेममधील गरीब कृष्णवर्णीयांसाठीं त्यानें अल्प शुल्काचें मानसोपचार केंद्र चालविलें होतें, व वर्णभेद पाळणाऱ्या शाळांविरुद्धच्या लढ्यांत त्याची साक्ष कामीं आली होती. परंतु येथें त्याच्या कळकळीनें त्याच्या विवेकावर मात केली. पुढें २०१२ सालीं कॅरल टिली या संशोधिकेनें त्याचीं मूळ टिपणें तपासून दाखविलें कीं, मुलांचीं म्हणून दिलेलीं विधानें त्यानें ठिकठिकाणीं बदललीं, जोडलीं वा अर्धवट उद्धृत केलीं होतीं. मुलांनीं समितीस लिहिलेलीं पत्रें दप्तरांत राहिलीं. घाबरलेल्या प्रकाशकांनीं स्वतःच एक कडक नियमावली करून घेतली, आणि अनेक नियतकालिकें बंद पडलीं. ज्यांच्या हितासाठीं हा सर्व खटाटोप झाला, त्यांचे शब्दच तेवढे जसेच्या तसे कोणी ऐकले नाहींत. यांतच या प्रकरणाचें मर्म आहे.

चित्रें धुतलीं गेलीं, पण मंडळी मोडली नाहीं. ज्युलियस श्वार्ट्झ हा स्वतः त्या जुन्या पत्रसदरांतून पुढें आलेला वाचक. तो चित्रकथांचा संपादक झाला, आणि १९६१ च्या सुमारास त्यानेंहि वाचकांचे पूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. त्यासरशीं दुसरी पिढी परस्परांस भेटली. रॉय थॉमस हा त्या पिढींतील वाचक अकरा वर्षांनीं मार्व्हल कंपनीचा मुख्य संपादक झाला.

संगणकावरील खेळांचें मूळहि याच वाचकवर्गांत आहे. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला, तो विज्ञानकथा वाचून पेटलेल्या कल्पनेंतून. नंतर १९७८ सालीं इंग्लंडांत एसेक्स विद्यापीठामध्यें रॉय ट्रबशॉ यानें केवळ शब्दांनीं चालणारा एक खेळ सुरू केला. त्याचें नांव ‘मड’. रिचर्ड बार्टल यानें तो पुढें वाढविला. त्यांत चित्र नव्हतें. होत्या त्या वर्णन केलेल्या खोल्या, वाटा, आणि त्यांत एकाच वेळीं वावरणारीं खरीं माणसें. विद्यापीठाचें यंत्र रात्रीं मोकळें झालें म्हणजे बाहेरचे लोकहि दूरध्वनीच्या तारेनें तेथें येत. लोक येतात तरी कशासाठीं, असा प्रश्न खेळणाऱ्यांतच निघाला. १९९६ सालीं बार्टलनें त्याचें उत्तर लिहिलें: कोणी जिंकावयास येतो, कोणी धुंडाळावयास, कोणी बोलावयास, आणि कोणी दुसऱ्यास छळावयास. कोणत्याहि गांवच्या चावडीचें वर्णन याहून निराळें काय असणार?

छळणारे कसे असतात, याचा अनुभव १९९३ सालीं आला. पॅव्हेल कर्टिस यानें झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत ‘लॅम्डामू’ नांवाचें असेंच एक शब्दांचें नगर वसविलें होतें. तेथें एका सभासदानें लबाडीनें दुसऱ्यांच्या नांवावर किळसवाणीं कृत्यें घडविलीं. शरीरास इजा झाली नाहीं, पण अपमान खरा होता. नगरवासी जमले व वाद घालूं लागले: शिक्षा कोणी द्यावी? कोणत्या कायद्यानें? एकमत झालें नाहीं. शेवटीं एका व्यवस्थापकानें स्वतःच्याच जबाबदारीवर त्या सभासदास काढून टाकलें. त्यानंतर कर्टिसनें अर्ज व मतदान यांची पद्धत घालून दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वॉशिंग्टन येथें सीनेटर लीबरमन व कोल ‘मॉर्टल कोंबॅट’ या खेळांतील रक्ताच्या चित्रांवर खल करीत होते, आणि त्यांतून १९९४ सालीं खेळांस वयानुसार शिक्के देणारी संस्था निघाली. ती निरुपयोगी आहे असें नव्हे. पण सीनेटांत प्रश्न चित्रांचा होता, आणि नगरांत प्रश्न माणसांनीं माणसांशीं कसें वागावें हा होता. दुसरा प्रश्न अधिक कठीण, आणि आजहि तोच शिल्लक आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं ही वकिली झाली. पोरांचीं डोकीं व आईबापांचे पैसे खाणाऱ्या धंद्याचें काय? ही शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें खेळाच्या अनावर नादास विकारांच्या सूचींत स्थान दिलें असून ती सूची २०२२ पासून अंमलांत आहे. खेळणाऱ्यानें उठूंच नये अशा बेतानें कित्येक खेळ रचलेले असतात, आणि अनोळखी माणसांत दुष्टहि असतात. पण हीं सर्व भयें आम्ही वर जें म्हटलें त्यालाच बळकटी देतात. धोका असो कीं लाभ, तो पडद्यावरील राक्षसांत थोडा आणि पडद्यापलीकडच्या माणसांत फार असतो. तेव्हां त्या माणसांची ओळख करून घेणें हेंच खरें रक्षण.

नॉर्वे देशांत स्नायू क्षीण होत जाण्याच्या रोगानें एक तरुण २०१४ सालीं पंचविसाव्या वर्षीं वारला. शेवटीं शेवटीं त्याचीं बोटें तेवढीं हलत, आणि दिवसाचे पुष्कळ तास तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळांत घालवी. आपला मुलगा मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडणें यांवांचून गेला, असें आईबापांस वाटे. बापानें मुलाच्या अनुदिनीवर मृत्यूची वार्ता लिहिली मात्र, आणि निरनिराळ्या देशांतून पत्रें येऊं लागलीं: यानें माझें ऐकून घेतलें, यानें मला माझ्या मुलाशीं बोलावयास लावलें. कांहीं सवंगडी त्याच्या अंत्यविधीस परदेशांतून आले. आईबाप प्रेमळ होते, त्यांनीं सेवेंत कांहीं उणें केलें नव्हतें. पण मुलाचा हा सारा गोतावळा त्यांना तो गेल्यावर समजला.

आपल्या घरांतील मुलें, ईश्वरकृपेनें, दाराच्या आड का होईना, आहेत. जेवावयास हांक मारण्यास जातांना एकदां आंत जाऊन शेजारीं बसावें, आणि विचारावें, “हा पलीकडे बोलतो तो कोण रे?” उत्तर ऐकून घेतल्यावर मग मत द्यावें.