सातबारा, सर्व्हर आणि जुना डेस्कटॉप

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात कुणाला शेत किती आहे असं विचारा, उत्तर एकर-गुंठ्यांत येईल. त्याच शेताचा सातबारा मोबाइलवर उघडा, तिथे हेक्टर-आर दिसेल. दशमान पद्धत दप्तरात येऊन कित्येक दशकं झाली, पण बांधावर जुनंच माप चालतं. तरी कुणाचं अडत नाही, कारण एक गुंठा म्हणजे सुमारे 1.01 आर. दोन मापांचा मेळ तोंडी बसतो.

सॉफ्टवेअरमध्ये याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. क्लायंट म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर किंवा हातातला फोन. सर्व्हर म्हणजे खरी नोंद जिथे राहते ती जागा. सर्व्हर नवा केला तरी जुन्या क्लायंटचं बोलणं त्याला कळलं पाहिजे. ते कळेनासं झालं, की भुर्दंड कुणावर पडतो? बीडच्या जमिनीच्या नोंदींचा इतिहास या प्रश्नासाठी वाचण्यासारखा आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. कारभाराची भाषा उर्दू, गावपातळीवर मोडीही चाले. 1956 मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. नव्या नोंदी देवनागरीत होऊ लागल्या. जुने कागद रुमालात बांधलेले राहिले आणि ते वाचणारी माणसं एकेक करून गेली.

पुढचा बदल कॉम्प्युटरचा. 1988-89 मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांचं संगणकीकरण 8 जिल्ह्यांत करून पाहिलं. महाराष्ट्रातून वर्धा निवडला होता. नंतर राज्यभर तहसील कार्यालयांत मशीन आली. डेटा ज्या-त्या तालुक्यापुरता. तहसीलमध्ये टाइप केलेला सातबारा, तलाठ्याकडे हाताने लिहिलेला. दोन्ही जुळतीलच याची खात्री नव्हती.

ई-फेरफार आल्यावर नोंद तालुक्याच्या मशीनवरून राज्याच्या सर्व्हरवर गेली, तेव्हा हे फरक उघडे पडले. ते मिटवायला गावोगावी चावडी वाचन झालं. सर्व्हर दुरुस्त करायला शेवटी गावाला बसवून सातबारे मोठ्याने वाचावे लागले! 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

याच काळात जुन्या डेस्कटॉपचा प्रश्न जगभर होता. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. त्यावरच्या इंटरनेट एक्सप्लोरर 8 ला टीएलएस 1.2 हा सुरक्षित संवादाचा प्रकार येत नाही. सर्व्हरने सुरक्षिततेसाठी जुने प्रकार बंद केले, की असं मशीन सुरू असतं, नेटही असतं, पण पान उघडत नाही. चूक सर्व्हरची नसते. जुने प्रकार चालू ठेवणं खरंच धोक्याचं असतं. पण नवं मशीन घ्यायचा खर्च टेबलाच्या या बाजूला येतो.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याचा फोनच क्लायंट झाला. शेतात उभं राहून पिकाचा फोटो अपलोड करायचा. अ‍ॅपची आवृत्ती बदलली की फोनने तिला साथ दिली पाहिजे. पीकपेऱ्याची नोंद नसेल, तर हमीभाव केंद्रावर सोयाबीन नेताना अडचण येते. ज्याचा फोन जुना, तो शेजाऱ्याच्या पोराला गाठतो. इथे कम्पॅटिबिलिटी ते पोरगं पुरवतं.

मग 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. रुमाल सोडले गेले. कागद होते, पण ते मोडीत आणि उर्दूत. वाचणारे शोधून आणावे लागले. एखाद्या कुटुंबाचा जातीचा दाखला पणजोबाच्या नावापुढच्या एका मोडी शब्दावर अडलेला होता.

म्हणून सर्व्हर बदलताना डेटा नवीन जागी नेला, एवढ्यावर काम संपत नाही. तो वाचणारं जुनं साधन, जुना फॉन्ट, जुनं सॉफ्टवेअर, आणि ते जाणणारं एखादं माणूस, हेही सांभाळावं लागतं. मोडीला हे कळायला 70 वर्षं लागली. तहसीलमधल्या जुन्या हार्ड डिस्क तेवढी वाट पाहणार नाहीत.