गोल्फची पिशवी कोणी वाहावी?

खेळांचा इतिहास लिहितांना खेळाडूंचीं नांवें, जिंकलेलीं पदकें व गाजलेले सामने यांची नोंद होते. खेळाचें साहित्य कोणी वाहिलें याची नोंद सहसा होत नाहीं. गोल्फच्या बाबतींत मात्र ही दुसरी नोंदच अधिक उद्बोधक आहे. अठरा खळग्यांचा एक डाव पुरा करण्यास खेळाडूला आठ ते दहा किलोमीटर चालावें लागतें, आणि बारा-पंधरा किलो वजनाची काठ्यांची पिशवी सर्व वेळ त्याच्या बरोबर असावी लागते. ही पिशवी माणसाच्या खांद्यावरून चाकांवर आणि चाकांवरून विजेच्या मोटरीवर कशी आली, हें पाहिलें म्हणजे आज बॅटरीवर चालणारी ट्रॉली विकत घेतांना तिच्या कोणत्या सोयी कामाच्या व कोणत्या केवळ दिखाऊ, याचाही निवाडा करतां येतो.

गोल्फ आपल्याकडे नवा नाहीं. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनच्या बाहेरील तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईचा पहिला क्लब १८४२ सालीं निघाला, आणि तेथील सभासदांनीं स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजच्या विख्यात क्लबास १८४५ सालीं एक पदक अर्पण केलें. तें 'बाँबे मेडल' या नांवानें ओळखलें जातें. तो मुंबईचा क्लब पुढें टिकला नाहीं. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर असतां, पहिल्या महायुद्धाच्या काळांत, त्यांच्या नांवाचा क्लब स्थापन झाला व त्याचें द्वार हिंदी सभासदांसही खुलें राहिलें. उपनगरांत या खेळानें मूळ धरलें तें १९२७ सालीं. त्या वर्षीं चेंबूर येथें बाँबे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील खेळाडूला अठरा खळग्यांच्या मैदानासाठीं आजही प्रथम चेंबूरचीच आठवण होते.

त्या काळचें चेंबूर हें एक गांव होतें. मुंबई महापालिकेची हद्द भांडुप व जोगेश्वरीपर्यंत पोहोंचली ती १९५० सालीं, आणि मुलुंड व दहिसरपर्यंत १९५७ सालीं. परंतु आगगाडी त्यापूर्वींच आली होती. कुर्ला-चेंबूर मार्गावर उतारूंची वाहतूक १९२४ सालीं सुरू झाली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेवर चालणारी पहिली गाडी धांवली. हिंदुस्थानांतील ती पहिलीच विद्युत्-गाडी. ५ जानेवारी १९२८ रोजीं पश्चिमेच्या बाजूस बोरिवलीपर्यंत वीज आली. म्हणजे शेंकडों उतारूंचें ओझें वीज ओढूं लागली होती, त्याच सुमारास चेंबूरच्या मैदानावर एका पिशवीचें ओझें मात्र माणसाच्या खांद्यावर होतें, आणि पुढें कित्येक दशकें तें तेथेंच राहिलें. असें कां झालें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आरंभीं गोल्फला पिशवीच नव्हती. कॅडी म्हणजे ओझें वाहणारा सोबती, तो काठ्यांची मोळी बगलेंत धरून चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कॅनव्हासची व कातड्याची पिशवी आली आणि काठ्या नेणें सोपें झालें. पण सोपें झालें म्हणून काठ्यांची संख्याही वाढूं लागली. लाकडी दांड्यांच्या जागीं पोलादी दांडे आल्यावर तर कांहीं खेळाडू वीस-पंचवीस काठ्या बरोबर बाळगूं लागले. अखेर अमेरिकेनें १९३८ सालीं व ब्रिटननें १९३९ सालीं चौदा काठ्यांची मर्यादा घातली. ओझें वाहणाराची सोय झाली कीं ओझें घालणाराचा लोभ वाढतो, हा धडा विजेच्या ट्रॉलीच्या काळांतही विसरण्यासारखा नाहीं.

आपल्याकडील कॅडी बहुधा मैदानाच्या आसपासच्या वस्तींतला असे. पिशवी वाहतां वाहतां तो वारा, उतार व हिरवळीचा कल ओळखावयास शिके, आणि कित्येकदां ज्याची पिशवी वाहिली त्याहून सरस खेळूं लागे. दिल्लीचे अली शेर हे असेच कॅडी. १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले हिंदी व्यावसायिक खेळाडू ठरले. बंगलोरचे मुनियप्पा हेही कॅडीच होते. त्यांनीं २००९ सालीं तीच स्पर्धा जिंकली. तेव्हां कॅडीचें काम म्हणजे केवळ हमाली नव्हे. गरिबाच्या मुलास या महागड्या खेळांत शिरण्याची ती जवळजवळ एकमेव वाट होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्य देशांत मजुरी महाग झाली, कॅडी मिळेनासे झाले व दोन चाकांची हातट्रॉली सर्रास वापरांत आली. आपल्याकडे माणूस स्वस्त राहिला, म्हणून खांदाही अधिक काळ राबला. येथें ट्रॉली आली तीही पुष्कळ ठिकाणीं कॅडीच्याच हातीं आली. त्याचें काम गेलें नाहीं, खांदा मात्र सुटला.

आतां वर विचारलेल्या प्रश्नाकडे वळूं. आगगाडीस वीज डोक्यावरच्या तारेंतून मिळते. मैदानावर फिरणाऱ्या ट्रॉलीस ती बरोबर वाहून न्यावी लागते. वीज सांठविण्याचें जें पहिलें उपयुक्त साधन, तें फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांते यांनीं १८५९ सालीं तयार केलें; पण तें शिशाचें, म्हणून जड. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत खेळाडूंनाच बसवून नेणाऱ्या विजेच्या गाड्या निघाल्या. गाडी मोठी असल्यामुळें शिशाचा भार तिला पेलला. पंधरा किलोच्या पिशवीसाठीं तितक्याच वजनाचें यंत्र ओढणें मात्र कोणास परवडेना. ब्रिटनमध्यें १९८३ सालीं 'पॉवाकॅडी' ही कंपनी निघाली आणि मागें चालणाऱ्या खेळाडूची विजेची ट्रॉली घरोघरीं पोहोंचली. तरी तिच्या बॅटरीचें वजन सुमारें दहा किलो असे. खरी क्रांति झाली ती लिथियमनें. १९९१ सालीं जपानांत लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली, आणि १९९७ सालीं टेक्सास विद्यापीठांत अक्षय पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनीं लिथियम आयर्न फॉस्फेट या पदार्थाचा उपयोग प्रसिद्ध केला. या तिघांपैकीं दोघे हिंदी, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या बॅटरीनें दहा किलोंचें काम दोन-तीन किलोंत आणून ठेवलें.

या इतिहासावरून गिऱ्हाइकानें काय घ्यावें? पहिली परीक्षा बॅटरीची. शिशाची बॅटरी स्वस्त. पण ती अर्धवट रिकामी ठेवली तर आंतील पत्रे निकामी होतात. मुंबईचे पावसाळ्याचे चार महिने ट्रॉली कोपऱ्यांत पडून राहते, आणि नेमकी तेव्हांच ही बॅटरी मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, परंतु ती हजाराच्या आसपास वेळां भरतां येते, आणि इतर लिथियम बॅटऱ्यांच्या मानानें ती तापून पेट घेण्याचा धोका पुष्कळ कमी. मुलुंड-बोरिवलीच्या दोन खोल्यांत ज्यांना ती रात्रीं भरत ठेवावयाची, त्यांस हा गुण लाखमोलाचा. एक अडचण मात्र ध्यानांत असावी. १२·८ व्होल्टची १६ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारें २०५ वॉट-अवर. आणि १६० वॉट-अवरहून मोठी अशी सुटी बॅटरी सामान्य प्रवाशास विमानांतून नेतां येत नाहीं. पुण्या-नाशकास मोटारीनें जाणारास याची चिंता नाहीं.

दुसरी परीक्षा उताराची. उतरणीवर मोटरीनेंच गति आवरून धरणें व थांबल्यावर चाक जखडून राहणें, या दोन सोयी नसतील तर पिशवीसकट ट्रॉली तळ्यांत जावयास वेळ लागत नाहीं. तिसरी परीक्षा पावसाची. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तशा दिवशीं कोणी खेळत नाहीं हें खरें, पण जूनच्या अवचित सरीनें मोटरीचीं व बटनांचीं सांधेजोडणी भिजतां कामा नये. चिखल धरणारीं रुंद चाकें हवींत, आणि वाटेंत बॅटरी संपल्यास चाकें मोटरीपासून सुटीं करून हातानें ढकलतां आलीं पाहिजेत. चौथी परीक्षा घडीची. इमारतीच्या लिफ्टमध्यें, जिन्याखालीं व मोटारीच्या मागल्या खणांत जी मावत नाहीं ती ट्रॉली कितीही गुणी असली तरी व्यर्थ. शेवटची परीक्षा दुरुस्तीची: सुटे भाग येथें मिळत नसतील तर एका तुटक्या दांत्यापायीं सारें यंत्र अडगळींत जातें.

खेळाडूच्या मागें आपोआप चालणें, दुरून बटनानें वळणें, पडद्यावर अंतर दाखविणें या सोयी मनोरंजक खऱ्या. पाठीच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यानें त्रासलेल्यास दुरून चालणारी ट्रॉली वरदान ठरेल. धडधाकट माणसास ती हौस होय. अंतर तर खिशांतला फोनही सांगतो.

या सर्वांहून मोठा प्रश्न उरतो तो माणसाचा. विजेनें पिशवी वाहिली तर कॅडीनें काय करावें? याचें उत्तर माथेरानला सांपडतें. तेथें मोटारींस बंदी असल्यामुळें माणसानें माणसास ओढण्याची हातरिक्षा टिकून राहिली होती. २०२२ च्या डिसेंबरांत तेथें ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पण त्याच आदेशांत रिक्षा ओढणारांच्या पुनर्वसनाचीही आज्ञा होती. ओझें यंत्राकडे जावें, यंत्र मात्र ओझें वाहणाराच्या हातीं यावें, हा त्यामागील न्याय गोल्फच्या मैदानासही लागू आहे. ट्रॉली घेण्यापूर्वीं क्लबाचा नियम विचारावा, आणि घेतल्यावर कॅडीस घरीं न पाठवितां ती त्याच्या हातीं द्यावी. त्याचा खांदा मोकळा होईल, मिळकत राहील, आणि कोणती काठी घ्यावी हा त्याचा सल्लाही मिळत राहील. तो सल्ला देणारें बटन कोणत्याही ट्रॉलीवर बसलेलें नाहीं.